चाकोरीचा माग

भोपाळच्या मराठी घरात पाहुणा उतरला की दुसऱ्या दिवशी सकाळी सांची ठरलेली. पोहे, चहा, पाण्याच्या बाटल्या आणि पन्नास किलोमीटरच्या आतलं अंतर. पाहुणे मोठ्या स्तूपाला प्रदक्षिणा घालतात, तोरणावरच्या हत्तींपुढे उभे राहून फोटो काढतात, आणि कुणीतरी विचारतंच, "इतक्या आडरानात हे कुणी आणि का बांधलं?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायला मी त्यांना दक्षिण तोरणाच्या एका खांबापाशी नेतो. तिथे ब्राह्मी लिपीत एक छोटा लेख आहे: 'वेदिसकेहि दंतकारेहि रूपकंमं कतं'. विदिशेच्या दंतकारांनी हे कोरीवकाम केलं. 'कतं' म्हणजे केलं, हे मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

दंतकार म्हणजे हस्तिदंतावर नक्षी काढणारे कारागीर. हे एकदा कळलं की तो खांब निराळाच दिसू लागतो. दगड फोडणाऱ्या हाताला मोकळी जागा लागते, तो आकृत्यांमध्ये अंतर ठेवतो. इथे मात्र बोटभर जागाही रिकामी सोडलेली नाही. माणसामागे माणूस, त्यामागे घोड्याचं डोकं, वर झाडाच्या फांद्या, कडेला वेलबुट्टी. कंगव्याच्या किंवा आरशाच्या मुठीवर जशी दाटीवाटीची नक्षी करावी तशी ती दगडावर केली आहे. पेठेतल्या कारागिरांनी आपली हत्यारं उचलून टेकडी चढल्यासारखं वाटतं.

आता इथून थेट इटलीला जायचं आहे.

१९३८ साली पॉम्पेईच्या उत्खननात एका घरात हस्तिदंताची एक मूर्ती सापडली. उंची वीत-सव्वावीत. अंगावर दागिन्यांखेरीज फारसं काही नसलेली एक स्त्री, दोन बाजूंना दोन छोट्या सेविका. डोक्यापासून खाली पोकळ केलेलं भोक, म्हणजे ही नुसती मूर्ती नव्हे, आरशाची मूठ किंवा एखाद्या चौरंगाचा पाय असावा. इटलीतल्या लोकांनी तिला लक्ष्मी म्हणून टाकलं आणि ते नाव चिकटलं. जाणकारांच्या मते ती यक्षी असण्याचा संभव जास्त. व्हेसुव्हियसच्या राखेखाली पॉम्पेई गाडलं गेलं ते इसवी सन ७९ मध्ये. त्यामुळे ती मूर्ती त्याआधीच समुद्रापार पोचली होती, यात शंका नाही. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे.

तिची जवळची नातलग कुठे सापडली, तर आपल्या जालना जिल्ह्यात. १९७३ मध्ये शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी नागपूर आणि मराठवाडा या विद्यापीठांतर्फे भोकरदनला उत्खनन केलं. केळणा नदीकाठच्या त्या पांढरीत त्याच घाटाची हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरलाही तशीच एक मिळाली. ती आज तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात पाहता येते. पॉम्पेईची मूर्ती नेमकी कुठे घडली यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कुणी भोकरदन म्हणतं, कुणी विदिशा. तिच्या अंगावर वायव्येकडच्या खरोष्ठी लिपीतलं एक अक्षर आहे, त्यामुळे कुणी त्या दिशेला बोट दाखवतं. मला या वादात फारसा रस नाही. विदिशा, भोकरदन, तेर आणि पॉम्पेई ही चार गावं एकाच धंद्याने बांधलेली होती, एवढं पुरे. बांधलेली होती म्हणजे त्यांच्यामध्ये रस्ता होता. तो रस्ता कुठे आहे?

रोमन रस्त्याचा माग काढणाऱ्याचं काम त्या मानाने सोपं. इसवी सनापूर्वी ३१२ मध्ये सुरू झालेल्या आपिअन रस्त्याचे दगड अजून जागेवर आहेत आणि त्यांवरून चालता येतं. एक हजार दुहेरी पावलं, म्हणजे साधारण १४८० मीटर, हा त्यांचा मैल. आणि मैलामैलावर दगडी खांब, त्यावर अंतर आणि बादशहाचं नाव. जिथे दगड उखडून नेले तिथेही रस्ता सुटत नाही. उन्हाळ्यात पिकाचा एक सरळसोट पट्टा आधी पिवळा पडतो, कारण मातीखाली खडीचा थर असतो. विमानातून तो रेघेसारखा दिसतो. शिवाय मुक्कामांच्या आणि अंतरांच्या याद्या आहेत, गुंडाळी करून नेता येईल असा लांबलचक नकाशा आहे. त्या नकाशाच्या जुन्या नकलेत पूर्वेच्या टोकाला केरळातलं मुझिरिस आणि तिथलं ऑगस्टसचं देऊळसुद्धा दाखवलेलं आहे.

आपल्याकडे यातलं काही शोधायला जाल तर हात हलवत परत याल. माळव्यातून दक्षिणेकडे उतरणाऱ्या त्या महामार्गाला जुन्या ग्रंथांत दक्षिणापथ असं भारदस्त नाव आहे, पण त्याचा एक हात लांबीचा फरसबंद तुकडाही कुणाला दाखवता येणार नाही. ग्रीक व्यापाऱ्यालाही तो दिसला नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याला इजिप्तमधल्या कुणा ग्रीकभाषक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाची बंदरांची माहितीपुस्तिका लिहिली. त्यात भरुचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर असल्याचं तो सांगतो. पैठणहून अकीकासारखे दगड येतात, तेरहून साधं कापड आणि मलमल. उज्जैनहूनही माल भरुचला उतरतो. आणि हे सगळं गाड्यांतून, मोठमोठ्या 'बिनरस्त्याच्या' प्रदेशातून येतं, असा शेरा तो मारतो.

गाड्या आहेत आणि रस्ता नाही! दगडी सडकेची सवय झालेल्या डोळ्यांना असंच वाटणार. पण त्याच्याच आकड्यांनी हिशोब करून पाहा. भरुच ते पैठण ही वाट चारशे किलोमीटरच्या आसपास धरली, तर वीस दिवसांत रोजची मजल वीसेक किलोमीटरची पडते. लादलेल्या बैलगाडीला ही चाल उत्तम आहे. दर वर्षी, ठरल्या दिवसांत, ठरलेला माल बंदराला लागतो. रस्ता नसता तर हे जमलं नसतं.

या प्रकारच्या रस्त्याला मराठीत अचूक शब्द आहे: चाकोरी. आज आपण तो नोकरीसाठी आणि लग्नासाठी वापरतो, पण मुळात ती गाडीच्या चाकांनी पडलेली रुळलेली वाट. दख्खनच्या आणि माळव्याच्या काळ्या जमिनीत ती का पडते हे ज्याने ज्येष्ठात भेगाळलेलं आणि श्रावणात फुगलेलं शेत पाहिलं आहे त्याला कळेल. ही माती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते. तिच्यावर फरसबंदी केली तर दोन-चार पावसाळ्यांत दगड वरखाली होणार. शिवाय पावसात गाडी आसापर्यंत रुतते, तेव्हा कुणी बाहेरच पडत नाही. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं ते याचसाठी. जमीन वाळली, नद्यांना उतार मिळाला की फौजा आणि व्यापारी दोघेही निघत. दर साली चाकोरी चार पावलं इकडे किंवा तिकडे पडे. म्हणून दक्षिणापथ ही नकाशावरची रेघ मानू नये. काही ठिकाणी तो कोसभर रुंद असेल, आणि फक्त दोनच जागी त्याला अंग चोरावं लागे: डोंगराच्या खिंडीत आणि नदीच्या उतारावर.

म्हणजे शोधायच्या जागा ठरल्या. खिंडी, उतार आणि मुक्काम.

मुक्कामांची एक यादी सुदैवाने आपल्याकडे आहे, आणि ती मराठी मुलखातूनच सुरू होते. पाली भाषेतल्या 'सुत्तनिपात' या प्राचीन बौद्ध ग्रंथात बावरी नावाच्या म्हाताऱ्या ब्राह्मणाची गोष्ट येते. तो गोदावरीकाठी राहतो आणि आपले सोळा शिष्य बुद्धाला भेटायला उत्तरेला पाठवतो. त्यांची वाट गावागावांनी सांगितली आहे: पैठण, माहिष्मती, उज्जैन, गोनद्ध, विदिशा, मग कौशांबी, साकेत, श्रावस्ती आणि पुढे. रोमन यादीत असतात तसे मैलांचे आकडे इथे नाहीत, नुसती नावं. तरीही क्रम पक्का आहे. आणि उज्जैन ते विदिशा हा टप्पा नकाशावर पट्टीने जोडून पाहा. पट्टी भोपाळच्या आसपासच टेकते. उज्जैनहून निघालं की पंचवीस किलोमीटरवर कायथा लागतं, छोट्या काळीसिंधेच्या काठी. तिथल्या टेकाडात पुरातत्त्वज्ञ वि. श्री. वाकणकरांना चार हजार वर्षांपूर्वीची वस्ती सापडली. शिष्य तिथून गेले तेव्हाच ती वाट जुनी झालेली होती.

पैठणहून उत्तरेला निघणाऱ्याला पहिली अडचण अजिंठ्याच्या डोंगररांगेची. तिथे खिंडींच्या तोंडाशी लेणी आहेत. पितळखोऱ्याच्या एका खांबावर पैठणच्या मितदेव नावाच्या गांधिकाच्या कुळाचं दान नोंदलेलं आहे. गांधिक म्हणजे अत्तरं आणि सुगंधी द्रव्यं विकणारा. माल घेऊन घाट उतरणाऱ्याने त्या घाटातल्या भिक्षूंच्या निवाऱ्याला खांब द्यावा, यात भक्ती होतीच. आणि पुढच्या वर्षी आपणच तिथे उतरणार आहोत हा विचार नसेलच असं नाही. नाणेघाटातला जकातीचा रांजण ट्रेकला जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेला असतो. उत्तरेच्या वाटेवर तसा रांजण नाही, पण हे खांब तेच सांगतात.

पुढे खानदेश ओलांडून, सातपुड्यातून नर्मदेवर. इथे वाट कुठे नदीत उतरत असेल हे ओळखूनच १९५२ मध्ये ह. धी. सांकळिया, बी. सुब्बाराव आणि देव ही डेक्कन कॉलेज-बडोद्याची मंडळी महेश्वरला गेली. महेश्वर म्हणजे जुनी माहिष्मती, हा बऱ्याच विद्वानांचा कौल; आपल्यासाठी ते अहिल्याबाईंचं गाव. समोरच्या काठावरच्या गावाचं नाव नावडाटोली, नावाड्यांची वस्ती. उताराची जागा एखाद्या गावाच्या नावात इतकी उघड लिहिलेली क्वचितच सापडते. तिथल्या टेकाडांत ताम्रपाषाण काळापासून एकावर एक वस्त्यांचे थर निघाले. राज्यं बदलली, पण नदी ओलांडायची जागा काही बदलली नाही.

दक्षिणापथाची दुसरी फांदी मात्र मुंबईहून दिल्लीला जाणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाने पाहिलेली आहे, फक्त त्याला ते ठाऊक नसतं. पंजाब मेल इटारसी सोडते, नर्मदेचा पूल येतो, मग बुधनीचा घाट चढताना गाडी मंदावते, दोन्ही बाजूंना सागाचं रान. घाट संपतो, उजव्या-डाव्या हातांना कातळांचे मनोरे दिसू लागतात, मग भोपाळ, सांची, विदिशा. १८८०च्या दशकात इंग्रजांनी भोपाळच्या बेगमांच्या पैशाने हा लोहमार्ग टाकला तेव्हा त्यांना विंध्य चढायला जी जागा सोयीची वाटली तीच बैलांनाही वाटली होती. याच मार्गाने गाडीतून जाताना १९५७ च्या सुमारास वाकणकरांना ते कातळ दिसले आणि पुढच्या स्टेशनावर उतरून ते तिकडे चालत गेले. भीमबेटका जगाला कळलं ते असं. तिथली अतिप्राचीन चित्रं सगळे पाहतात. मला त्याच भिंतींवरचे नंतरच्या, ऐतिहासिक काळातले घोडेस्वार आणि मिरवणुकाही पाहाव्याशा वाटतात. रानातल्या माणसाने खालच्या वाटेवरून काय काय जाताना पाहिलं, त्याची ती चित्रं असावीत. या भागातल्या रातापानी व्याघ्र प्रकल्पाला आता वाकणकरांचंच नाव दिलं आहे.

या फांदीचा खरा पुरावा घाटाच्या खाली, सीहोर जिल्ह्यात, पानगुराड़ियाला आहे. भोपाळहून दिवसभराची सवड काढून जावं. गावात सम्राट अशोकाचा शिलालेख विचारलात तर लोक तोंडाकडे पाहतील; 'सरू-मारू की कोठी' म्हणालात तर पोरगंसुद्धा वाट दाखवेल. टेकडीच्या उतारावर रचीव दगडांचे लहान लहान स्तूप विखुरलेले, बरेचसे ढासळलेले. वर एक कपार, वीस माणसं पावसात निवांत बसतील एवढी. आत कातळावर अक्षरं. मी पहिल्यांदा गेलो ते भर दुपारी, आणि समोरच्या उन्हामुळे आत काहीच दिसेना. पाचेक मिनिटं नुसता बसून राहिलो. डोळे निवल्यावर भिंतीतून एकेक अक्षर वर आलं.

१९७० च्या दशकात हा लेख उजेडात आला. यात अशोकाचा लघुशिलालेख आहे, दौऱ्यावर २५६ रात्री घालवल्याचा उल्लेख असलेला. पण वरच्या बाजूला आणखी एक छोटा मजकूर आहे, जो दुसरीकडे कुठेच नाही. हॅरी फाल्क यांच्या वाचनाप्रमाणे तो सांगतो की पियदसी नावाचा राजा, म्हणजे अशोक, राजकुमार असताना, आपल्या सहचारिणीसह, विहारयात्रेवर असताना या जागी आला होता. श्रीलंकेच्या बखरींत म्हटलं आहे की उज्जैनचा कारभार पाहायला निघालेला तरुण अशोक विदिशेत थांबला आणि तिथल्या श्रेष्ठीची मुलगी देवी हिच्याशी त्याची गाठ पडली. पानगुराड़ियातली ती सहचारिणी देवीच होती, असं लेख सांगत नाही, म्हणून मीही सांगणार नाही. राजे शिलालेख कोरवतात ते जिथे लोक थांबतात तिथे. आजच्या आडरानात तो लेख आहे, याचा अर्थ तेव्हा ते आडरान नव्हतं. दिल्लीच्या स्तंभलेखात अशोक वाटेवर वड लावल्याचं, विहिरी खणल्याचं, विसाव्याच्या जागा केल्याचं सांगतो. विहिरींमधलं अंतर अर्ध्या कोसाचं की आठ कोसांचं, यावर त्या शब्दाचा अर्थ लावणारे पंडित अजून भांडताहेत. बैलाला विचाराल तर तो अर्धा कोस म्हणेल.

आता पुन्हा सांचीला येऊ, कारण मुक्कामांची सगळ्यात मोठी नोंदवही तिथेच आहे.

स्तूपाभोवतीच्या कठड्यावर आणि प्रदक्षिणेच्या फरशीवर जागोजागी बारीक अक्षरांच्या ओळी आहेत. सगळ्या मिळून आठशेच्या वर भरतात. १८३७ मध्ये कॅप्टन एडवर्ड स्मिथ यांनी त्यांतल्या काहींचे ठसे कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे पाठवले. तोवर जुनी ब्राह्मी लिपी कुणाला नीट वाचता येत नव्हती. ठसे छपाईसाठी मांडताना प्रिन्सेपच्या लक्षात आलं की बहुतेक ओळी त्याच दोन अक्षरांनी संपतात. देवळाच्या पायऱ्यांवर, घंटेवर, संगमरवरी लादीवर शेवटी काय लिहिलेलं असतं? अमुकतमुकांकडून भेट. मग ती दोन अक्षरं 'दानं'. द मिळाला, न मिळाला, अनुस्वार मिळाला, आणि पुढे अशोक बोलू लागला. आपल्याकडे पंख्याच्या पात्यावरसुद्धा देणगीदाराचं नाव रंगवतात त्याला आपण हसतो. त्या सवयीनेच भारताचा प्राचीन इतिहास वाचता आला.

तुम्ही गेलात तर कठड्याच्या एखाद्या खांबापाशी वाका आणि ओळीचा शेवट बघा. ब्राह्मी 'द' आणि उलट्या टी-सारखा 'न' एकदा ओळखला की पुढच्या दहा मिनिटांत दहा 'दानं' सापडतील. मुलांना हा खेळ फार आवडतो. सुरक्षारक्षकाला आवडत नाही, म्हणून बोट लावू नये.

माणसं स्वतःचं नाव देतात, धंदा सांगतात, आणि गाव सांगतात. सावकार, लेखक, विणकर, भिक्षुणी, घरच्या सुना. एकट्या उज्जैनच्या देणग्या इतक्या की तिथून जथेच्या जथे येत असावेत. माहिष्मतीचे लोक आहेत. राजस्थानातल्या पुष्करचे आहेत. तुंबवनचे, म्हणजे आजच्या अशोकनगर जिल्ह्यातल्या तुमैनचे. योन, म्हणजे ग्रीक वंशाचेही आहेत. आणि एक गाव आहे भोगवढन. भोगवर्धन, भोकरदन! तीच ती केळणाकाठची पांढरी. भरहूतच्या स्तूपावरही या गावच्या लोकांची नावं आहेत. जालना जिल्ह्यातला कुणी बापडा बैलगाडीने नर्मदा ओलांडून आला, त्याने इथे एक दगड दिला, आणि आपलं गाव लिहायला तो विसरला नाही.

या नावांतली गावं एकेक करून नकाशावर टाचणीने टोचत गेलं की दक्षिणापथ आपोआप उमटतो. मैलाचे दगड आपल्याकडे नव्हते असं म्हणतात. मला वाटतं ते होते, फक्त वाटेवर विखरून न ठेवता एका टेकडीवर आणून रचले गेले. त्याच दक्षिण तोरणाच्या सगळ्यात वरच्या तुळईवर, कोरलेल्या स्तूपाच्या पोटावर, आणखी एक दाता आहे: राजा श्री सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख, वासिष्ठीपुत्र आनंद. सातवाहनांची राजधानी पैठण, आणि त्यांच्या नाण्यांवर वारंवार येणारं चार टिंबांचं क्रुसासारखं चिन्ह उज्जैनच्या नावाने ओळखलं जातं. चाकोरीची दोन टोकं एकाच राज्यात आली होती, ती अशी.

सांचीच्या आसपास दहा-पंधरा किलोमीटरच्या घेरात सोनारी, सतधारा, अंधेर आणि मुरेल खुर्द इथेही स्तूप आहेत. पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमने १८५१ मध्ये ते सगळे उकरले आणि १८५४ मध्ये पुस्तक काढलं. मुरेल खुर्दच्या स्तूपांना तो भोजपूरचे स्तूप म्हणतो, आणि पाहुणे गाडी वळवून भोज राजाच्या शिवमंदिराच्या भोजपूरला नेतात. दोन्ही भोजपुरं भोपाळपासून दोन वेगळ्या दिशांना आहेत. हे स्तूप टेकड्यांच्या धारेवर अशा बेताने आहेत की खालच्या सपाटीवरून चालणाऱ्याला एक नजरेआड व्हायच्या आत दुसरा दिसावा. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ ज्युलिया शॉ यांनी १९९८ पासून काही वर्षं सुमारे ७५० चौरस किलोमीटरचा हा टापू पायी पालथा घातला. त्यांनी स्तूपांखालच्या शेतांत पाहिलं, आणि टेकड्यांच्या मधली खोरी अडवणारे मातीचे, दगडी तोंडाचे प्राचीन बंधारे नोंदले, दीड डझनाच्या आसपास. म्हणजे वर विहार, खाली तळं, तळ्याखाली भात, आणि भाताच्या कडेने वाट. माणसांचं आणि बैलांचं पाणी कुठून येत होतं, याचं उत्तर मिळालं. आमच्या पाहुण्यांचं 'आडरान' इथे संपतं.

पावसाळ्याचे तीन महिने भिक्षूंना फिरायला बंदी होती, त्यांनी एका जागी वर्षावास करायचा. वाट बंद असतानाही वाटेकडेला राहणारी ही एकमेव माणसं. दसऱ्यानंतर पहिली गाडी आली तर उतार कुठे खचला, कुठे चिखल अजून ओला आहे, हे कुणाला विचारायचं, तर त्यांना. ग्रंथांत हे लिहिलेलं नाही, माझा आपला अंदाज.

विदिशेत वाटेचं उत्तर टोक बेतवा आणि बेस या नद्यांच्या दुबेळक्यात आहे, बेसनगरला. तिथे एक दगडी खांब उभा आहे, त्याला आसपासचे लोक खामबाबा म्हणतात. कनिंगहॅम १८७७ मध्ये त्याच्यापुढे उभा राहिला, पण भक्तांनी वर्षानुवर्षं थापलेल्या शेंदराच्या जाड थरामुळे त्याला अक्षरं दिसली नाहीत आणि त्याने खांब गुप्तकाळाचा ठरवला. १९०९ मध्ये ग्वाल्हेर संस्थानचे अभियंता लेक यांना थराखाली काहीतरी जाणवलं. शेंदूर निघाला आणि खाली निघाला तक्षशिलेचा हेलिओडोरस, दियोनचा मुलगा, ग्रीक राजा अंतलिकित याचा वकील. राजा भागभद्राच्या दरबारी तो आला होता, स्वतःला भागवत म्हणवत होता, आणि वासुदेवासाठी त्याने इसवी सनापूर्वी सुमारे ११३ मध्ये हा गरुडध्वज उभारला. देवदत्त रामकृष्ण भांडारकरांनी १९१३ ते १९१५ मध्ये इथे खोदलं तेव्हा मातीच्या एका मुद्रेवर 'तिमित्र' हे नाव मिळालं. हा डेमेट्रियस, असं त्यांचं मत. तक्षशिलेहून आलेला ग्रीक वकील इथवर कसा पोचला असेल, याचा विचार करताना पेरिप्लसवाल्याचा तो शेरा आठवतो. बिनरस्त्याचा प्रदेश!

एक सावधगिरी इथेच नोंदवतो, कारण आपल्याकडे 'रोमन' म्हटलं की लोक फार लवकर खूश होतात. नेवासा, तेर आणि आणखी काही ठिकाणी मिळालेली मोठ्या रांजणांची खापरं पूर्वी सरसकट रोमन दारूच्या भांड्यांची समजली जात. रोबर्टा टॉम्बर यांच्यासारख्या तज्ज्ञांनी ती पुन्हा तपासली तेव्हा त्यांतली बरीचशी इराणच्या आखाताकडच्या रांजणांची निघाली. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीतली पोसायडनची ब्राँझमूर्ती अस्सल पश्चिमेकडची, पण एखादी मूर्ती म्हणजे रोमन वसाहत नव्हे. आपल्या चाकोरीने रोमचा माल आणला आणि आपला नेला. ती रोमनांनी पाडली नाही.

आणि ती बंदही पडली नाही, म्हणून शेवटी दोराह्याला जायचं. सीहोर जिल्ह्यातलं हे गाव जुन्या कागदांत दुराहा सराय म्हणून येतं. दुराहा म्हणजे जिथे वाट दुभंगते ती जागा. सराय म्हणजे मुक्काम. १७३७ च्या डिसेंबरात बाजीरावाने निजामाला भोपाळात कोंडला, आणि ७ जानेवारी १७३८ ला दुराहा सरायला निजामाने माळवा सोडल्याचं कबूल केलं. महिने पाहा: पाऊस संपून जमीन कडक झालेली, म्हणजे गाडे चालायचे दिवस. मराठी कागदांत विदिशा 'भेलसा' म्हणून येते आणि पेशव्यांच्या फौजा बावरीच्या शिष्यांनी घेतलेले तेच उतार घेतात.

मागच्या मार्गशीर्षात मी तिथे गेलो. सराय म्हणून दाखवण्याजोगं काही सापडलं नाही. गावाबाहेर हरभऱ्याच्या शेताकडेने ट्रॅक्टर जाऊन पडलेली चाकोरी होती, दोन समांतर खोल रेघा, मध्ये गवताचा पट्टा. थोडं पुढे बाभळीपाशी ती दोन अंगांना फुटत होती. चहाच्या टपरीवाल्याला विचारलं, ही वाट कुठे जाते? त्याने किटली खाली न ठेवताच हनुवटीने दाखवलं. एक भोपाळकडे, म्हणाला, आणि दुसरी सोडून द्या, पावसाळ्यात ती बंदच असते.